यंत्राआधी नदी मोजा

खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा विषय निघाला की चर्चेचा शेवट आधीच ठरलेला असतो: पाणी खारं आहे, आरओ बसवा. ग्रामसभेत हेच बोललं जातं, जिल्हा परिषदेच्या बैठकीत हेच, निवडणुकीच्या सभेतही हेच. या उत्तरात खारेपणा ही पाण्याची एकच आणि कायमची खोड मानलेली असते, आणि ती काढणारं यंत्र बाजारात तयार मिळतं अशी समजूत असते. मला ही समजूत उथळ वाटते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खेड्यांना तिची किंमत मोजावी लागते, म्हणून ती घातकही वाटते.

माझं म्हणणं असं आहे. पूर्णा नदीवर, तिच्या उपनद्यांवर किंवा तिच्या पात्रातल्या बॅरेजवर क्षार काढण्याचं संयंत्र आखायचं असेल, तर उद्भवाच्या पाण्याचं निदान एक पूर्ण जलवर्ष, म्हणजे जून ते मे, सलग मोजमाप हा आराखड्याचा पहिला टप्पा असला पाहिजे. ते मोजमाप नसेल तर पंपाची ताकद, पडद्यांची संख्या, वीजबिल, पाणीपट्टी हे निविदेतले सगळे आकडे अंदाजाचे ठरतात. आणि यंत्र बंद पडल्यावर तो अंदाज कुणी केला होता हे विचारायला गावाजवळ कागदही नसतो.

1. एका आकड्याची सत्ता

आपल्याकडे पाण्याची परीक्षा टीडीएसपाशी, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांच्या आकड्यापाशी, सुरू होते आणि तिथंच संपते. खिशात मावणारी पेनासारखी काडी पाण्यात बुडवायची, आकडा वाचायचा, निकाल द्यायचा. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 या मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलीग्रॅम आहे, आणि दुसरा उद्भव नसेल तर 2000 पर्यंत सवलत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये आरओच्या वापरावर बंधन घालताना हाच 500 चा आकडा धरला. त्यामुळे लोकांच्या मनात टीडीएस म्हणजेच पाण्याची गुणवत्ता असं समीकरण पक्कं बसलं.

ती काडी क्षार मोजतच नाही. ती पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि ठरावीक गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज देते. ज्या पदार्थांवर विद्युतभार नसतो ते तिला दिसत नाहीत. साध्या सामूच्या पाण्यातली सिलिका तिला दिसत नाही, कीटकनाशकाचा अंश दिसत नाही, मैल्यातले जिवाणू दिसत नाहीत. नायट्रेट वाहकतेत मिसळून जातं, वेगळं दिसत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा 45 मिलीग्रॅम आहे आणि तिला कोणतीही सवलत नाही. शिवाय आरओचा पडदा साध्या मिठाला जितका अडवतो तितका नायट्रेटला अडवत नाही. म्हणजे टीडीएस उत्तम उतरला आणि नायट्रेट मर्यादेबाहेर राहिलं, असं घडू शकतं.

इथं कुणी म्हणेल, पिण्याचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं जातंच. जातं. पण ती तपासणी पाणी पिण्याजोगं आहे का या प्रश्नाचं उत्तर देते. संयंत्र आखणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: हे पाणी यंत्रात घातलं तर यंत्राचं काय होईल?

2. सारख्या टीडीएसची दोन पाणी

आरओमध्ये पाण्याचे दोन भाग होतात. एक गोडं, दुसरं सगळे क्षार घेऊन बाहेर पडणारं. आलेल्या पाण्यापैकी निम्मं गोडं काढलं तर उरलेल्यातले क्षार दुप्पट दाट होतात. पाऊण भाग काढला तर चौपट. हा हिशेब पाचवीतला मुलगाही करील, पण संयंत्राचं आयुष्य त्यावरच ठरतं.

समजा दोन उद्भव आहेत, दोन्हींचा टीडीएस 1500. पहिल्यात बहुतांश सोडियम आणि क्लोराइड. दुसऱ्यात कॅल्शियम, बायकार्बोनेट, सल्फेट आणि लिटरला 40 मिलीग्रॅम सिलिका. पहिल्या पाण्यातून पाऊण भाग गोडं काढता येईल, कारण मीठ चौपट दाट झालं तरी विरघळलेलंच राहतं. दुसऱ्यात चौपट म्हणजे सिलिका 160 वर गेली. पंचवीस अंश तापमानाला सिलिका साधारण 120 च्या आसपासच विरघळलेली राहू शकते. तिथून पुढे ती पडद्यावर बसू लागते, आणि एकदा बसलेली सिलिका आम्लाने धुतली तरी सहजी निघत नाही. कॅल्शियमचा थर निदान रसायनाने लांबवता येतो. म्हणून दुसऱ्या उद्भवाला पाणी कमी काढावं लागेल, वाया जाणारं वाढेल, पंप मोठा लागेल. टीडीएसच्या काडीने ही दोन पाणी एकच ठरवली होती.

दख्खनच्या बेसाल्टवरून आणि त्याच्या झिजेतून बनलेल्या काळ्या मातीतून येणाऱ्या पाण्यात सिलिका असणं अगदी स्वाभाविक आहे. वऱ्हाडात ती न मोजता आरओ आखणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, नायट्रेट, फ्लोराइड, सिलिका, लोह, मँगनीज, बेरियम, स्ट्राँशियम, सेंद्रिय कार्बन ही यादी लांब वाटते, पण प्रत्येकाचा आराखड्यात स्वतंत्र परिणाम आहे. अहवाल खरा आहे का हे तपासायची सोपी कसोटीही आहे. पाण्यातल्या धन आयनांच्या आणि ऋण आयनांच्या विद्युतभारांची बेरीज जवळपास जुळलीच पाहिजे, कारण पाणी स्वतः विद्युतभारित नसतं. दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर तो नमुना पुन्हा तपासायला पाठवावा. ही कसोटी लावण्यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही, विज्ञान शिकवणारे गावातले गुरुजीही ती लावू शकतात.

3. नदी बाराही महिने एक पाणी देत नाही

आतापर्यंतचं विवेचन विहिरीलाही लागू पडतं. नदीची अडचण याहून मोठी आहे.

पूर्णा सातपुड्यात, बैतुल जिल्ह्यातल्या भैसदेहीच्या बाजूला उगवते, अमरावती-अकोला-बुलडाण्याच्या गाळाच्या सपाट पट्ट्यातून पश्चिमेकडे जाते आणि चांगदेवला तापीला मिळते. उत्तरेकडून शहानूर, वान अशा सातपुड्याच्या नद्या तिला येऊन मिळतात, दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन. तिच्या खालचा गाळ शेकडो मीटर खोल आहे आणि त्यातलं भूजल ठिकठिकाणी खारं आहे. म्हणजे तिच्या पात्रात वर्षभरात निदान तीन वेगळी पाणी वाहतात.

पावसाळ्यातलं पाणी डोंगरातून आणि शेतांतून आलेलं, क्षार कमी आणि गाळ भरपूर. हिवाळ्यात प्रवाह ओसरतो, नदीची पातळी खाली जाते आणि काठच्या गाळातलं भूजल तिच्यात झिरपू लागतं. उन्हाळ्यात प्रवाह जवळजवळ थांबतो, डोह उरतात, त्यांतलं पाणी उन्हाने आटतं आणि क्षार मागे राहतात. घुंगशी किंवा नेर-धामण्यासारख्या बॅरेजमुळे पाणी जास्त काळ टिकतं, पण तेही ऑक्टोबरचं पाणी मे महिन्यापर्यंत तसंच राहत नाही. साठलेल्या पाण्यात खारं पाणी जड असल्याने तळाशी बसू शकतं. त्यामुळे पृष्ठभागावर बादली टाकून घेतलेला नमुना आणि जॅकवेल ज्या खोलीवरून पाणी ओढणार आहे तिथला नमुना, हे दोन वेगळे असू शकतात.

काळ्या मातीचा एक गुणधर्म इथं फार महत्त्वाचा आहे आणि तो आराखड्यात क्वचितच दिसतो. या मातीतले चिकणकण अतिशय बारीक असतात. पाण्यात क्षार कमी असले की ते एकमेकांपासून दूर तरंगत राहतात, क्षार वाढले की एकत्र येऊन खाली बसतात. म्हणून पुराचं गोडं पाणी गढूळ असतं आणि उन्हाळ्याचं खारं पाणी अनेकदा नितळ दिसतं. एकाच संयंत्राला चार महिने गाळाशी लढायचं असतं, पुढे क्षारांशी, आणि एप्रिल-मेमध्ये डोहातल्या शेवाळाशीही. हिवाळ्याचा एक नमुना घेऊन आखलेलं पूर्वशुद्धीकरण पहिल्या पुरात गुदमरतं.

यासाठी गढूळपणाखेरीज गाळ-घनता निर्देशांक मोजावा लागतो. 0.45 मायक्रॉनच्या जाळीतून ठरावीक दाबाने पाणी पंधरा मिनिटं सोडायचं आणि जाळी किती वेगाने बुजते ते पाहायचं. पडदे बनवणारे हा निर्देशांक पाचाच्या आत आणि शक्यतो तीनच्या आत मागतात. ही चाचणी नदीकाठीच करावी लागते, कारण बाटलीत भरून दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोहोचलेलं पाणी वेगळं झालेलं असतं.

तापमानाचाही हिशेब आहे. पाणी एका अंशाने तापलं की पडद्यातून साधारण तीन टक्के जास्त पाणी जातं, पण त्याबरोबर मीठही जास्त निसटतं. अकोल्याच्या मे महिन्यात नदी सर्वांत खारी आणि सर्वांत तापलेली, दोन्ही एकाच वेळी असते. गावाला पाण्याची सर्वांत जास्त गरजही तेव्हाच असते. जानेवारीत चाचणी उत्तम उतरली हे त्या वेळी कुणाच्या कामाचं?

4. सरासरी हा भ्रम आहे

मोजमाप केलं तरी त्याची सरासरी काढून मोकळं होण्याची सवय घातक आहे. समजा नदीचा टीडीएस आठ महिने 300 असतो आणि चार महिने 1800. वर्षाची सरासरी 800 येते. वर्षातल्या एकाही दिवशी नदीत 800 चं पाणी नसतं, तरी आराखडा त्या पाण्यासाठी होतो. आठ महिने यंत्र विनाकारण वीज खातं आणि चार महिने कमी पडतं. त्याऐवजी आठ महिने नुसतं गाळून, निर्जंतुक करून पाणी देता येईल का आणि आरओ फक्त चार महिने चालवता येईल का, हा प्रश्न सरासरी विचारूच देत नाही. तो विचारला तर संयंत्राचा आकार, खर्च आणि वीज यांचं गणित बदलतं.

म्हणून आकडे महिन्यागणिक आणि प्रवाहासोबत मांडायला हवेत. त्या दिवशी नदीत पाणी किती होतं हे माहीत नसेल तर खारेपणाच्या आकड्याला अर्थ नाही. पहिल्या पावसाचा लोंढा तर महिन्याच्या नमुन्यात सापडतच नाही. उन्हाळाभर जमिनीवर आणि नाल्यांत साचलेले क्षार, शेणमूत, सांडपाणी तो एकदम नदीत आणतो. मोर्णा अकोला शहरातून येते. 2018 च्या मोर्णा स्वच्छता मोहिमेची दखल पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही घेतली गेली होती, पण शहराचं सांडपाणी पुढे पूर्णेतच जातं. सांडपाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यावर जिवाणू वाढतात आणि पडद्यावर चिकट थर धरतात. वाहकता आणि गढूळपणा सतत नोंदवणारी यंत्रं जॅकवेलपाशी बसवली तर हे तास-दोन तासांचे लोंढे दिसतात आणि त्या वेळी पाणी ओढणं थांबवता येतं. सलग नोंद, महिन्याचा पूर्ण रासायनिक नमुना आणि पुराच्या वेळचे खास नमुने, तिन्ही एकत्र हवेत. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

5. मोठ्यांनाही हे चुकलं आहे

लंडनला थेम्सच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, बेक्टन इथं 2010 मध्ये नदीचं पाणी गोडं करणारं संयंत्र सुरू झालं. दिवसाला 15 कोटी लिटरची क्षमता जाहीर झाली होती. पाणी ओहोटीच्या शेवटच्या तासांत, खारेपणा सर्वांत कमी असताना उचलायचं, अशी त्याची बांधणी होती. 2022 च्या दुष्काळात ते बंद होतं, आणि ते चालवणाऱ्या कंपनीने तेव्हा सांगितलं की खाडीच्या पाण्याबद्दलची मूळ गृहीतकं बरोबर ठरली नाहीत, त्यामुळे ते फार तर 10 कोटी लिटर देऊ शकेल. पैसा होता, तंत्रज्ञ होते, नदी दीडशे वर्षांहून अधिक काळ अभ्यासली गेलेली होती, तरी क्षमतेचा एक तृतीयांश भाग गृहीतकात गेला.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठच्या युमा इथलं संयंत्र शेतीच्या खाऱ्या निचऱ्यासाठी 1992 मध्ये पूर्ण झालं, 1993 च्या पुराने त्याचे कालवे तोडले, आणि 2010-11 च्या वर्षभराच्या चाचणीचा काळ सोडला तर ते बहुतेक काळ बंदच राहिलं. या देशांना चूक परवडते. दोन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीला एकदा चुकलेला पडदा-संच बदलणंही परवडत नाही. कुलूपबंद आरओच्या खोल्या खारपाणपट्ट्यात फिरणाऱ्या कुणालाही भेटतात.

6. आक्षेप

पहिला आक्षेप तहानेचा. लोक आज खारं पाणी पितात आणि तुम्ही वर्षभर मोजत बसणार? हा आक्षेप मनाला लागणारा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण वऱ्हाडाचा खारेपणा काल कळलेला नाही. 1930 च्या एप्रिलमध्ये समुद्र नसलेल्या या प्रदेशाने मिठाचा सत्याग्रह केला तो अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला, तिथल्या खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून. इतकी दशकं हाती असताना नदीचं सलग वर्ष मोजायचं टाळण्याला घाई हे कारण देता येत नाही. आणि प्रस्ताव, तांत्रिक मान्यता, निविदा, जागा, वीजजोडणी यांत वर्षाहून जास्त काळ जातोच. पहिल्या कागदाबरोबर पहिली बाटली भरली तर एक दिवसही वाया जात नाही. दरम्यान तात्पुरतं छोटं फिरतं संयंत्र त्याच पाण्यावर चालवलं तर लोकांना पाणीही मिळतं आणि पडदे कसे वागतात तेही कळतं.

दुसरा आक्षेप असा की माहिती आधीच आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीचे नमुने घेतं, केंद्रीय जल आयोग पूर्णेचा प्रवाह मोजतो. खरं आहे, आणि सुरुवात तिथूनच झाली पाहिजे. पण प्रत्येकाचा हेतू वेगळा आहे. एकाला पातळी हवी, दुसऱ्याला प्रदूषण, तिसऱ्याला पूर. ठिकाणं वेगळी, तारखा वेगळ्या. गाळ-घनता निर्देशांक हा त्यांच्या कामाचा भाग नाही. या नोंदी एका तक्त्यात आणल्या तर नदीचा जुना स्वभाव कळेल. जॅकवेलच्या जागेचं पाणी मात्र तिथंच मोजावं लागेल. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना तपासणी-संचाने पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. क्लोराइड, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड त्या संचाने त्या तपासू शकतात, आणि दर आठवड्याची त्यांची वही ही कोणत्याही सल्लागाराच्या एका भेटीपेक्षा मोलाची आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: गोडं पाणी धरणात असताना खारं पाणी गोडं करायचंच कशाला? वान, शहानूर, काटेपूर्णा यांच्या पाण्यावर प्रादेशिक योजना आहेत. अकोल्याची 84 खेडी योजना सगळ्यांना माहीत आहे. जिथं ते पाणी भरवशाने पोहोचतं तिथं संयंत्र नको, हे मी मान्य करतो, आणि मोजमापाचा निकाल तसा येऊ शकतो म्हणूनही ते यंत्राआधी हवं. पण धरणाच्या पाण्यावर सिंचनाचाही हक्क आहे. वानच्या पाण्यावरून तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनी उभं केलेलं आंदोलन आपण पाहिलं आहे. योजनेच्या शेपटाकडच्या गावांना उन्हाळ्यात काय येतं हेही तिथल्या बायांना विचारावं. काही गावांसाठी नदीकाठचं निःक्षारीकरण हा खरा पर्याय असेल. कोणत्या गावांसाठी, हे आकड्यांखेरीज ठरणार नाही.

7. काढलेलं मीठ कुठं जातं

समुद्रकाठी उरलेलं खारं पाणी समुद्रात जातं. वऱ्हाडात समुद्र नाही. दोन हजार माणसांच्या गावाला माणशी दहा लिटर पिण्याचं पाणी द्यायचं, म्हणजे दिवसाला वीस हजार लिटर. निम्मं पाणी वाया जातं असं धरलं तर चाळीस हजार लिटर उचलावं लागेल. टीडीएस 1500 असेल तर त्यातून दिवसाला 60 किलो क्षार वेगळे होतात, वर्षाला जवळपास 22 टन. हीच योजना माणशी 55 लिटरची केली तर वर्षाला 120 टन. हे आज नालीत सोडलं जातं. नालीतून ते शेतात गेलं तर सोडियम काळ्या मातीची घडण मोडतं, पाणी मुरेनासं होतं, जमीन चोपण होते. पोकरा या राज्याच्या शेती प्रकल्पाने पूर्णा खोऱ्यातली सुमारे हजार खारपाण गावं याच जमिनीच्या दुखण्यासाठी निवडली होती. एका सरकारी योजनेने जमीन सुधारायची आणि दुसरीने तिच्यात मीठ ओतायचं, हे एकाच तालुक्यात चालू देता कामा नये.

नालीतून ते नदीत गेलं तर खालच्या गावाच्या उद्भवात जातं. लाखपुरीच्या वर सोडलेलं मीठ गांधीग्रामला पोहोचतं, जिथून श्रावणात कावडधारी अकोल्याच्या राजराजेश्वरासाठी पूर्णेचं पाणी नेतात. आणि पुढे चांगदेवावरून हतनूरच्या जलाशयात. एका संयंत्राचं मीठ पुरात दिसणारही नाही. एप्रिलच्या थांबलेल्या डोहात, आणि नदीकाठी पाच-पन्नास संयंत्रं झाली तर, ते दिसेल. त्यामुळे मोजमापाची ठिकाणं जॅकवेलपुरती ठेवून चालणार नाही. संयंत्राच्या वर एक, खाली एक, काठच्या दोन-तीन विहिरी आणि खारं पाणी जिथं सुटणार त्या जागेची माती, एवढी बांधकामाआधीची नोंद हवी. नंतर तक्रार आली तर तुलनेला तीच असेल.

ही नोंद निविदेच्या कागदपत्रांत जोडलेली असावी आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागलेली असावी. निविदेत वर्षाचे आकडे असले की ठेकेदाराला पाणी वेगळं निघालं असं म्हणता येत नाही, आणि सर्वांत वाईट महिन्याच्या पाण्यावर संयंत्र चालवून दाखवल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये अशी अट घालता येते. काम जूनच्या पहिल्या लोंढ्यापासून सुरू करावं. तो लोंढा काही तासांत निघून जातो. नमुना घेणारा माणूस गावातलाच असेल, आणि रिकाम्या बाटल्या मेच्या अखेरीसच त्याच्या घरी पोहोचलेल्या असतील, तरच तो हाती लागेल.